खालचं सर्किट

पॅनेल-रूम तळघरात होती आणि तिथे फोनला रेंज दोनच ठिकाणी मिळायची. एक दाराच्या उंबऱ्यात, आणि दुसरं मेन पॅनेलच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. उंबऱ्यात उभं राहिलं की जाणारा-येणारा "काय मास्तर, आज काय म्हणतोय बाजार?" असं विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. म्हणून बाजाराचे गेले सतरा दिवस मास्तर सकाळी पावणेनऊला पोट आत ओढून, आडवे होऊन त्या फटीत शिरत होते. एकदा शिरलं की हात वर करता येत नव्हता की मान वळवता येत नव्हती. फोन छातीशी धरायचा, हनुवटी खाली करायची आणि नऊ वाजायची वाट बघायची. नऊला बाजाराचं दार उघडतं. मास्तर अंगठ्याने ऑर्डर टाकायचे: विकणे, दोन हजार. मग तसेच उभे राहायचे. सव्वानऊ व्हायचे, साडेनऊ व्हायचे. ऑर्डरीपुढे एकच शब्द दिसायचा, 'प्रलंबित'. शेवटी कुठल्या तरी मजल्यावरून ट्यूब गेल्याचा फोन यायचा आणि मास्तर पत्र्यात अडकलेली शर्टाची गुंडी सोडवत बाहेर यायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते त्या नऊ मजली इमारतीचे वायरमन. तीस वर्षं त्यांना सगळे वायरमनच म्हणत होते. 'मास्तर' हे नाव गेल्या दोन वर्षांत पडलं, आणि तेही शेअरबाजारामुळे. सातव्या मजल्यावर एका शेअर दलालाचं ऑफिस होतं. तिथे ट्यूब बदलायला नाहीतर एसीचा प्लग बघायला गेलं की शिडीवर उभ्या उभ्या खालचं बोलणं कानावर पडायचं. शिडीवरच्या माणसासमोर लोक वाटेल ते बोलतात, जणू तो पंख्याचाच एक भाग आहे. तिथे ऐकलेले शब्द मास्तर घरी येऊन फोनवर शोधायचे. अर्थ असा काही लिहिलेला असायचा की लिहिणाऱ्याला तरी तो कळला होता का, याची शंका यावी. मास्तर मात्र हार मानणारे नव्हते. तो अर्थ ओढून ओढून ते आपल्या धंद्यात आणायचे आणि तारेला तार जुळली की खूश व्हायचे.

मग दुपारी डबे उघडले की पॅनेल-रूममध्ये शाळा भरायची. लिफ्टमन असायचा, टेलिफोनवरच्या ऑपरेटर बाई असायच्या, कधी पंपावरचा माणूस. एका उलट्या टाकलेल्या केबलच्या रिळावर मास्तर बसायचे.

"स्टॉप लॉस म्हणजे काय?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "स्टॉप लॉस म्हणजे फ्यूज. भाव अमुक इतका पडला की माझे शेअर विकून टाक, असं आधीच सांगून ठेवायचं. तार जळायच्या आधी फ्यूज जातो. नुकसान होतं, पण फ्यूजपुरतं."

"आणि ते डायव्हर्सि... काय ते?" लिफ्टमन विचारायचा.

"अख्खी इमारत एका फेजवर टाकशील का? नाही ना? तसे सगळे पैसे एका कंपनीत टाकायचे नाहीत. एक फेज गेला तर दोन चालू राहिले पाहिजेत."

"मास्तर, लिक्विडिटी म्हणजे पाण्याचं काही असतं का हो?" एकदा ऑपरेटर बाईंनी विचारलं.

"तुमच्याकडे एक सोन्याची बांगडी आहे आणि एक लाकडी कपाट आहे. उद्या दवाखान्यात पैसे भरायचेत. काय विकाल?"

"बांगडी. कपाट कोण घेतंय लगेच?"

"झालं तर मग. बांगडीला लिक्विडिटी आहे, कपाटाला नाही. कपाटाची किंमत असते हो, पण घेणारा दारात उभा नसतो."

ऑपरेटर बाईंनी वहीत लिहून घेतलं. मास्तरांना असं कोणी लिहून घेतलं की चार दिवस छाती फुगलेली असायची. बत्तीस वर्षं लोकांनी त्यांच्याकडून फक्त दिवे लावून घेतले होते. डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होतं.

आणि मग आला तो शब्द. सर्किट. सातव्या मजल्यावर कोणीतरी ओरडलं, "सर्किट लागलं, सर्किट!" आणि सवयीने मास्तर शिडीवरून उतरून मेन स्विचकडे धावले. ऑफिस खो खो हसलं. मास्तरांनी त्या रात्री तो शब्द शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी रिळावर बसून सांगितलं, "हे तर आपलंच खातं निघालं. काही शेअरना मर्यादा घातलेली असते. एका दिवसात भाव पाच टक्क्यांहून जास्त चढू द्यायचा नाही आणि पाच टक्क्यांहून जास्त पडू द्यायचा नाही. तिथवर पोचला की खटका पडतो. वर पोचला तर अप्पर सर्किट, खाली पोचला तर लोअर सर्किट. आपल्या एमसीबीसारखंच. घर जळू नये म्हणून."

"म्हणजे सर्किट लागलं की आपण वाचलो?" लिफ्टमनने विचारलं.

"वाचलो," मास्तर म्हणाले.

बाकी सगळे शब्द त्यांना बरोबर कळले होते. हा एकच चुकला, आणि चुकला तोही त्यांच्या स्वतःच्या धंद्यातला.

शेअर घेतला तो तारा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा. दुसरं कुणी काहीबाही ऐकून घेतं, मास्तरांनी हाताळून घेतला. त्या कंपनीची वायर त्यांनी किलोमीटरच्या हिशोबाने ओढली होती. तांबं चोख, वरचं वेष्टन वाकवलं तरी तडकत नसे. अशी वायर बनवणारा माणूस लबाड असूच शकत नाही, असं त्यांचं मत होतं. सुरुवातीला शंभर घेतले. मग शेअरला रोज वरचं सर्किट लागायला लागलं. अकरा दिवस सलग. सातव्या मजल्यावर लोक त्या कंपनीचं नाव घेऊन टाळ्या द्यायला लागले. मास्तरांच्या निवृत्तीला चार महिने होते. निवृत्त झालं की इमारतीमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि त्यासाठी बायकोने एक घर बघून ठेवलं होतं. दुसरा मजला, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, शिलाई मशीन ठेवायला उजेडाची जागा. पहिला हप्ता भरायला म्हणून मास्तरांनी फंडातून पैसे काढले होते. भरायला तीन महिने अवकाश होता. तीन महिने पैसे नुसते पडून राहणार, यापेक्षा वायरमध्ये राहिले तर काय बिघडलं? अख्खी इमारत एका फेजवर टाकायची नाही, हे सांगणाऱ्या मास्तरांनी अख्खं घर एका फेजवर टाकलं. त्यांना ते तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण आपल्यासारख्या जाणत्याला चालतं, असं वाटलं.

मग एका गुरुवारी कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिल्याची बातमी आली. हिशोब तपासणारा गेला, दुसरा येईल, असं मास्तरांना वाटलं. सातव्या मजल्यावर मात्र सगळे एकदम गप्प झाले. शुक्रवारी बाजार उघडला तो खालच्या सर्किटलाच. मास्तर घाबरले नाहीत. खटका पडलाय, घर वाचलं. शिवाय त्यांनी स्टॉप लॉस लावून ठेवला होता, म्हणजे फ्यूजही होता. दुपारी बघतात तर फ्यूज उडाला होता, विक्रीची ऑर्डर बाजारात गेली होती, आणि विकलं काहीच गेलं नव्हतं. सोमवारी पुन्हा खालचं सर्किट. मंगळवारी पुन्हा.

बुधवारी सातव्या मजल्यावर प्लग बघायच्या निमित्ताने त्यांनी तिथल्या कारकुनाला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की खालचं सर्किट लागलं म्हणजे शेअर सुरक्षित ना?

"भाव सुरक्षित असतो, मास्तर. आजच्यापुरता." कारकून स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "शेअर असणारा नाही. उद्या आणखी पाच टक्के स्वस्त मिळणार हे माहीत असताना आज कोण घेईल? सगळे विकायला उभे, घेणारा एक नाही. तुमचे नाहीत ना त्यात?"

"छे छे," मास्तर म्हणाले आणि चालू असलेल्या प्लगला पुन्हा टेस्टर लावला.

जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं ते सगळं. एमसीबी पडला की वीज बंद होते आणि माणूस घराबाहेर पडू शकतो. इथे उलटं होतं. आग चालूच, फक्त बाहेरचं दार बंद. आणि आपण सोनं सोनं म्हणत कपाट कवटाळून बसलोय. तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. घाम पुसला, तरी येतच राहिला. बत्तीस वर्षांत जिवंत तारेचा झटका त्यांना तीनदा बसला होता. तेव्हा निदान हात आपोआप मागे यायचा.

तेव्हापासून ती फट. रोज पाच टक्के. भाव निम्म्याच्या खाली आला तरी रांग हलत नव्हती. विकायला उभे असलेले शेअर लाखात, घेणारे शून्य. मास्तरांना आता एकच गोष्ट हवी होती. नफा नको, खरेदीचा भावही नको. फक्त एक घेणारा हवा होता. निवृत्तीला एक महिना राहिला होता, आणि नव्या घराच्या मालकाने हप्त्याची तारीख कागदावर लिहून दिली होती.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे शेअर घेतलेत हे माहीत होतं, ते बुडतायत हे नव्हतं. ती शेजारपाजारचे कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची कंबर सैल, कुणाची बाही लांब. मशीनवर बसल्या बसल्या तिचं तोंड चालायचं, आणि जेवताना तर ती मास्तरांकडून एक शब्द शिकून घेतल्याशिवाय ताट उचलायची नाही. तिचंही एक खातं मास्तरांनीच उघडून दिलं होतं. एका नव्या कंपनीचे शेअर निघाले तेव्हा दोन नावांनी अर्ज केला तर लागायची शक्यता दुप्पट, म्हणून. लागले कुणालाच नाहीत. पण ॲप तिच्या फोनमध्ये राहिलं, आणि लिमिट ऑर्डर म्हणजे काय, मार्केट ऑर्डर म्हणजे काय, हे तिने सगळं विचारून घेतलं होतं.

"अहो, तुमची वायर लाल दिसतेय," आठवड्याभरापूर्वी ती जेवताना म्हणाली होती.

मास्तरांचा घास तोंडातच फिरला. "तू कुठे बघितलंस?"

"फोनवर. रोज लाल. बिघडलंय का काही?"

"बिघडायचं काय? सर्किट लागलंय."

"म्हणजे?"

तोंडावर आलं होतं सगळं. एका वाक्याचं काम होतं. पण समोर ती ज्या कौतुकाने बघत होती, त्या कौतुकापुढे मास्तरांची जीभ वळेना. "म्हणजे खटका पडलाय. घाबरायचं कारण नाही. मोठे लोक घाबरवून सोडतात छोट्या लोकांना, आणि मग स्वतः स्वस्तात उचलतात. शहाणी माणसं अशा वेळी घेतात."

"मग आपण घ्यायचे का आणखी?"

"बघू," मास्तर म्हणाले आणि पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. "सुरक्षित आहे" एवढ्यावर भागलं असतं. शहाण्या माणसांना मध्ये आणायची काही गरज नव्हती.

पण मास्तर अगदीच वाईट होते असं कुणी म्हणू नये. त्याच आठवड्यात दुपारच्या शाळेत लिफ्टमनने डब्याचं झाकण लावता लावता विचारलं होतं, "मास्तर, तुमची ती वायरवाली लय स्वस्त झालीय म्हणे. टाकू का थोडे? बोनस आलाय."

पॅनेलचा गूं गूं आवाज तेवढा चालू होता. मास्तर रिळावर बसले होते आणि समोर एक घेणारा उभा होता. एवढे दिवस फटीत उभं राहून ज्याची वाट बघितली, तो घेणारा चालत तळघरात आला होता आणि फक्त एका 'हो'ची वाट बघत होता. 'टाक' म्हटलं असतं तर त्याने संध्याकाळी ऑपरेटर बाईंनाही सांगितलं असतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि बहिणीलाही कळवलं असतं. पाच-सहा माणसं सहज उभी राहिली असती.

"नको," मास्तर म्हणाले.

"का? तुम्हीच तर म्हणायचात, माल चोख आहे."

"वायर चोख आहे रे. कंपनीचं मला माहीत नाही. बोनस बँकेत ठेव."

लिफ्टमनने खांदे उडवले. मास्तर आता भ्यायला लागलेत, म्हातारे झाले, असं तो जाताना ऑपरेटर बाईंना म्हणाला, तेही मास्तरांनी ऐकलं. त्या दिवशी घरी जाताना मात्र त्यांना जरा हलकं वाटलं. निदान कुणाच्या पोटावर पाय तरी दिला नाही.

अठराव्या दिवशी संध्याकाळी सातव्या मजल्यावरच्या कारकुनाने लिफ्टमध्ये त्यांना एकटं गाठलं. तो बहुतेक पहिल्याच दिवशी सगळं समजला होता, पण त्याने तसं दाखवलं नाही. "एखाद्याचे अडकले असले ना, मास्तर," छताकडे बघत तो म्हणाला, "तर त्याने सकाळची वाट बघू नये. संध्याकाळीच ऑर्डर टाकून ठेवायची. सकाळी दार उघडलं की ती आपोआप आत जाते. भाव सगळ्यांचा एकच असतो, मग जो आधी आला तो पुढे."

मास्तरांनी घरी जायच्या आधी फटीत शिरून ऑर्डर टाकली. विकणे, दोन हजार.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला त्यांनी छातीवरचा फोन बघितला. 'अंशतः पूर्ण.' दोन हजारांपैकी एकशे चाळीस विकले गेले होते. मास्तरांनी डोळे चोळायला हात वर केला तो पॅनेलच्या कडेला आपटला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, आणि तरी ते हसत होते. कुणीतरी घेतले! खाली आकडा होता, आजची एकूण उलाढाल: एकशे चाळीस. म्हणजे आज अख्ख्या बाजारात एकच माणूस या कंपनीचे शेअर घ्यायला उठला होता, आणि रांगेत सगळ्यात पुढे मास्तर उभे होते. दुपारपर्यंत तो आकडा हलला नाही. एकशे चाळीस तर एकशे चाळीस. दार किलकिलं तर झालं. एक वेडा भेटला, तर उद्या दुसराही भेटेल.

दुपारी शाळेत मास्तरांनी स्वतःहून 'बिड' आणि 'आस्क' समजावून सांगितलं, म्हणजे घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव. ऑपरेटर बाई म्हणाल्या, आज कळी खुललीय मास्तरांची. मास्तरांनी मनात ठरवून टाकलं होतं. आज बायकोला सगळं सांगायचं. काल सांगितलं असतं तर नुसतं बुडाल्याचं सांगावं लागलं असतं. आज निदान वर येण्याचं काहीतरी हातात होतं. बातमी वाईट असली तरी तिला थोडी चांगली बाजू असली की तोंड उघडायला धीर येतो.

साडेपाचला ते क्वार्टरवर आले. बायको मशीनवर होती. समोर कुणाची तरी पँट, कंबरेतून उसवलेली. मास्तरांनी चप्पल काढली, मशीनजवळचं स्टूल ओढलं आणि बसले.

"तुला एक सांगायचंय. मशीन चालू राहू दे. तुझे हात चालू असले की मला बोलायला बरं पडतं."

आणि ते बोलले. सगळं बोलले. फंडाचे पैसे, ऑडिटर, सर्किटचा खरा अर्थ, ती फट, ती रांग. मध्ये दोनदा मशीन मंदावलं आणि पुन्हा चाललं. शेवटी हप्त्याची तारीखही सांगितली.

"शहाण्या माणसांचं ते मी खोटं बोललो. मला तुझ्यापुढे कमीपणा घेववला नाही. पण आता ऐक. आज रांग हलली. एकशे चाळीस गेले." आता त्यांना हसू यायला लागलं होतं, एवढ्या दिवसांचं कोंडलेलं. "आणि गंमत काय माहितीये? आज अख्ख्या बाजारात एकच गिऱ्हाईक आलं. एकच! सकाळी सव्वानऊला. आणि नेमकं माझ्याच पदरात पडलं. कुठलं गाढव असेल देव जाणे, पण म्हटलं, बाबा रे, तुझं भलं होवो."

मशीन थांबलं.

"किती घेतले म्हणालात?"

"एकशे चाळीस."

"सव्वानऊला?"

"हो. का?"

ती उठली. कपाटातून फोन घेऊन आली, ॲप उघडून तिने तो पँटवर त्यांच्यासमोर ठेवला. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. खरेदी, पूर्ण. एकशे चाळीस. सव्वानऊ.

पहिल्या क्षणी मास्तरांच्या मनात काय आलं, ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मनात आलं, हिने ऑर्डर बरोबर टाकलीय. लिमिट टाकून, नेमक्या भावाला. मग पुढचं सगळं मनात आलं आणि त्यांनी स्टूलची कड घट्ट धरली.

"शिलाईचे होते," ती म्हणाली. "तीन वर्षांचे. म्हटलं, घर तुम्ही घेताय, तर खिडकीपुरती भर माझी. तुम्ही म्हणालात शहाणी माणसं घेतात. तुम्हाला नंतर सांगणार होते."

"अगं, मला विचारायचं तरी..."

"विचारलं होतं. तुम्ही 'बघू' म्हणालात."

बाहेर कुणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण आपटलं. ती खुर्चीत बसली आणि उसवलेल्या पँटचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे मी घेतले ते तुमचेच."

"हो."

"आणि माझे पैसे तुमच्या खात्यात आले."

"उद्या येतील."

"म्हणजे घरचे घरातच."

"दलाली वजा करून," मास्तर म्हणाले. हसायचं म्हणून नाही, खरंच तसं होतं म्हणून म्हणाले. तिचे ओठ क्षणभर हलले, पण ते हसू होतं की रडू, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. लिफ्टमनला वाचवलं, ऑपरेटर बाईंना वाचवलं, बाईंच्या बहिणीलाही वाचवलं. अख्ख्या इमारतीत ज्यांना 'नको' म्हणायचं होतं त्यांना म्हटलं. एकीला म्हणायचं राहिलं, आणि तिच्याशी तर ते रोज एका ताटाच्या अंतरावर बसून बोलत होते. मास्तरांना ओरडून रडावंसं वाटलं. पण रडून मोकळं व्हायचा हक्क आज आपला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"आता माझे कोण घेणार?" तिने विचारलं.

मास्तरांना उत्तर माहीत होतं, तिलाही होतं.

अंधारून आलं तसा तिने दिवा लावला. फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "संध्याकाळीच टाकायची असते ना ऑर्डर? टाका मग. माझीही टाका."

मास्तरांनी खिशातला आपला फोन काढला. मशीनच्या पाटावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. एकात एक हजार आठशे साठ, एकात एकशे चाळीस. भाव एकच. एकाची आधी टाकली की दुसऱ्याची मागे, हे कारकुनाने लिफ्टमध्ये सांगितलेलं त्यांना आठवलं. उद्या पुन्हा एखादा येईलही, पन्नास घेईल, शंभर घेईल. तोही कुणाचा तरी कुणीतरी असेल. त्यांचा अंगठा दोन्ही फोनच्या मधे तसाच थांबला.

"आधी कुणाची टाकू?" त्यांनी विचारलं.

बायकोने सुईत दोरा ओवला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि जगाने दिलेल्या त्या नावाने तिने त्यांना एकदाही हाक मारली नव्हती.

"तुम्ही मास्तर ना?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."